बंद दाराआडचा पाऊण तास

नोएडा, गुरुग्राम, द्वारका, मयूर विहार, कुठेही जा. मुलांच्या थेरपी केंद्रात साधारण एकच दृश्य दिसतं. बाहेर बाकावर आई, कधी आजोबा, कधी मुलाला सांभाळणारी दीदी. आत टांगलेला झोपाळा, मोठा रबरी चेंडू, रंगीत मणी, आरसा, चित्रांची कार्डं. मूल आत जातं, दार लागतं, पाऊण तासाने उघडतं. "आज अच्छा किया बच्चे ने," एवढं एक वाक्य आईच्या हाती पडतं, आणि तोवर पुढच्या मुलाची वेळ झालेली असते. आत काय झालं, का झालं, त्यातलं घरी काय करायचं, हे बहुतेक वेळा दाराच्या आतच राहतं.

आता साधा हिशेब करू. आठवड्यातून दोनदा पाऊण तास म्हणजे दीड तास. लहान मूल दिवसाकाठी बारा तास जागं असतं असं धरलं, तर आठवड्याचे 84 तास होतात. 84 तासांतला दीड तास तज्ज्ञाचा आणि उरलेले साडेब्याऐंशी तास घरच्यांचे. मुलाच्या विकासाचं काही बरंवाईट व्हायचं ते मुख्यतः त्या साडेब्याऐंशी तासांत होणार. म्हणून थेरपीचं खरं मोल किती हे विचारताना मी एकच प्रश्न आधी विचारते: त्या दीड तासातलं किती ज्ञान दाराबाहेर आलं?

हा प्रश्न नवा नाही. भारतात ऑक्युपेशनल थेरपी रुजली तीच मुळी या विचारावर, आणि ती रुजली मुंबईत. एलिझाबेथ लंडी नावाच्या अमेरिकन क्वेकर बाई विष्णू निंबकरांशी लग्न करून 1930 साली भारतात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. फिलाडेल्फियात या विषयाचं शिक्षण घेतलेल्या कमलाबाईंनी 1950 साली परळच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. आशियातली ती पहिली मानली जाते. 1952 मध्ये या विषयाची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा संस्थापक देशांमध्ये भारत होता, त्यामागेही त्यांचेच कष्ट होते. पुढे 1958 मध्ये नागपुरातही असं शिक्षण सुरू झालं. फलटणचं कमला निंबकर बालभवन अनेक मराठी वाचकांना माहीत असतं. ते नाव याच बाईंचं. आज दिल्लीतल्या एखाद्या केंद्रात मुलाच्या बोटांत मणी देणारी तरुण थेरपिस्ट ज्या विद्येत शिकली, तिचा या देशातला उगम परळला आहे.

या विद्येचा गाभा काय? माणूस रोज जी कामं करतो तीच त्याचं औषध. शर्टाची बटणं लावणं, भाकरीचा तुकडा मोडणं, पेन धरणं, चप्पल घालणं. झोपाळा आणि मणी ही साधनं. मुक्काम आहे तो स्वतःच्या हाताने जेवण्याचा. त्यामुळे मणी ओवण्यात पटाईत झालेलं मूल घरी आईच्या हातूनच जेवत असेल, तर थेरपी अजून मुक्कामाला पोचलेली नाही.

दिल्लीतल्या जुन्या संस्थांचा इतिहास पाहिला की आणखी एक गोष्ट लक्षात येते. यातल्या कितीतरी संस्था आयांनी उभ्या केल्या. मिठू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली ती मुलगी मालिनीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं, असल्याने. त्याच धर्तीवर 1978 मध्ये दिल्लीत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ नॉर्दर्न इंडिया निघाली. हौज खासमधली ती संस्था आज 'आदी' या नावाने ओळखली जाते. आर. के. पुरमच्या दिल्ली पब्लिक स्कूलच्या माजी प्राचार्या श्यामा चोना यांनी 1984 मध्ये 'तमन्ना' स्थापन केली. संस्थेला नाव मिळालं ते त्यांच्या मुलीचं. मेरी बरुआ यांचा मुलगा स्वमग्न. त्यांनी 1991 मध्ये 'ॲक्शन फॉर ऑटिझम' सुरू केली, तेव्हा या देशातल्या बहुसंख्य डॉक्टरांनाही स्वमग्नतेची धड ओळख नव्हती. पूर्व दिल्लीत कडकडडूमाला उमा तुली यांनी 1981 मध्ये 'अमर ज्योती' उभी केली; दिव्यांग आणि इतर मुलं तिथे बरोबरीने एकाच वर्गात शिकतात.

मेरी बरुआंच्या संस्थेतला एक उपक्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. जसोला विहारच्या त्यांच्या केंद्रात पालक आणि मूल यांनी मिळून करायचं बारा आठवड्यांचं प्रशिक्षण चालतं. दूरदूरच्या गावांहून कुटुंबं येतात, तीन महिने दिल्लीत खोली घेऊन राहतात, आणि आई किंवा बाबा मुलाबरोबर स्वतः वर्गात बसतात. मुलाचं वागणं काय सांगतं ते वाचायला शिकतात, शिकवायचं कसं ते शिकतात, आणि परत जातात. ज्या गावात एकही थेरपिस्ट नाही तिथल्या घरात यामुळे एक जाणतं माणूस तयार होतं. इथे दार उघडं आहे.

असं दार उघडल्याने खरंच फरक पडतो का, याची शास्त्रीय तपासणीही झाली आहे, आणि तीही गोव्यात. इंग्लंडमध्ये स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी तयार झालेली एक पद्धत 'संगात' या गोव्यातल्या संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीतल्या सहकाऱ्यांनी इथल्या परिस्थितीला जुळवून घेतली. पदवीधर तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी ती घरोघर नेली. पद्धत साधी आहे: आई मुलाशी खेळते, त्याचं चित्रण होतं, मग कार्यकर्ती आणि आई मिळून ते बघतात. 'इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं, तेव्हा तुम्ही काय केलं?' अशी चर्चा होते. आईच्या लक्षात येतं की आपण उत्तराची वाट न पाहता पुढचा प्रश्न विचारतो, मुलाच्या हातातली गाडी काढून त्याला पुस्तक देतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 65 मुलं होती. पालक मुलाच्या कलाने जास्त बोलू लागले आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली, असं त्यात दिसलं. सगळ्याच मोजमापांत सुधारणा नव्हती. दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर एकत्र राहण्याचा वेळ उलट घटला. पण मूल स्वतःहून बोलायला येणं ही लहान गोष्ट नव्हे. याच कामाचा पुढचा मोठा टप्पा, 2 ते 9 वर्षांच्या 240 मुलांची चाचणी, गौरी दिवाण आणि सहकाऱ्यांनी दिल्लीत हाती घेतली.

हे सगळं पुढचं. त्याआधी प्रश्न येतो ओळखण्याचा, आणि आपल्याकडे बहुतेक वेळ तिथेच जातो. "अगं, त्याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता," हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असतं आणि महिने खाऊन जातं. दुसऱ्या टोकाला शेजारच्या मुलाशी रोज तुलना करून झोप उडवून घेणारे पालक असतात. दोघांनाही उपयोगी पडेल असं एक मोजमाप आहे आणि ते घडवण्यात दिल्लीच्या मुलांचा वाटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने वाढीचे नवे मानदंड ठरवण्यासाठी सहा देशांतल्या मुलांचा अभ्यास केला, त्यात भारतातून दक्षिण दिल्लीतली मुलं होती. 2006 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. निरोगी मुलं आधाराशिवाय बसू लागतात ती 3.8 ते 9.2 महिन्यांच्या दरम्यान. एकटी चालू लागतात ती 8.2 ते 17.6 महिन्यांच्या दरम्यान. इतका मोठा पट्टा असतो. दहाव्या महिन्यात चालणारं मूल हुशार आणि सोळाव्यात चालणारं मागे, असं काही नसतं. काही निरोगी मुलं तर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. पण अठरा महिने उलटले आणि मूल चालत नसेल, तर वाट पाहणं संपलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय जन्मतारखेपासून न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचं, हे मात्र विसरू नये. नाहीतर उगीच धास्ती बसते.

हालचालींपेक्षा संवादाच्या खुणा लवकर निसटतात, कारण त्या शांत असतात. वर्षाचं मूल नावाने हाक मारली तर वळून बघतं. हवी ती वस्तू बोट दाखवून मागतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नको असतानाही फक्त दाखवण्यासाठी बोट दाखवतं: 'तो बघ कावळा'. सोळा महिन्यांपर्यंत एकेक शब्द, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणं. आणि कोणत्याही वयात, आधी येत असलेलं बोलणं किंवा हसणं गेलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे.

सविस्तर मोजणी करायची वेळ आली की भारतातल्या केंद्रांमध्ये बऱ्याचदा डासी नावाची चाचणी काढली जाते. तिचं मूळ परदेशी, पण भारतीय बाळांसाठी ती बडोद्यात प्रमिला फाटक यांनी घडवली: बडोद्याच्या बाळांचं वर्षानुवर्षं निरीक्षण करून. अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तिच्यात 67 बाबी हालचालींच्या आणि 163 आकलनाच्या आहेत. तिची मार्गदर्शिका आणि साहित्य पुण्याहून निघतं, आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या ज्या बालविकास केंद्रात डॉ. सुधा चौधरी यांनी कमी वजनाच्या बाळांचा अठरा वर्षांपर्यंत पाठपुरावा केला, तिथे ती शिकवलीही जाते.

बोलणं उशिरा येतंय अशी शंका आली की पहिलं काम कानांची तपासणी. हे इतक्या ठामपणे लिहायचं कारण आकड्यांत आहे. दिल्लीतल्या इन्क्लेन ट्रस्टने देशात पाच ठिकाणी 2 ते 9 वर्षांच्या सुमारे चार हजार मुलांची तपासणी करून 2018 मध्ये निष्कर्ष मांडले. या पाचांत एक हरियाणातला पलवल जिल्हा, जो राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच येतो, आणि दुसरं उत्तर गोवा. सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये 9.2 टक्के आणि सहा ते नऊ वयाच्या मुलांमध्ये 13.6 टक्के मुलांना मेंदूच्या विकासाशी निगडित काही ना काही अडचण होती. सर्वाधिक आढळलेल्या अडचणींमध्ये ऐकण्याचा दोष आणि बौद्धिक अक्षमता होती. म्हणजे 'बोलत नाही' म्हणून वर्षभर स्पीच थेरपी घेतलेलं मूल मुळात ऐकतच नसण्याची शक्यता खरी आहे. झोपेत करता येणाऱ्या बेरा तपासणीतून हे अगदी तान्ह्या बाळातही कळतं. टाळी वाजवल्यावर दचकतो, म्हणजे ऐकू येतं, हा पुरावा मानू नये. याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली: जन्मतः बाळ उशिरा रडणं, अपुरे दिवस, नवजात काळातले आजार, मेंदूचे जंतुसंसर्ग, खुंटलेली वाढ अशी बरीच कारणं टाळता येण्यासारखी आहेत.

लवकर सुरुवात का करायची, यामागचं विज्ञान समजून घेण्यासारखं आहे. समजा, जन्माच्या वेळच्या इजेमुळे बाळाचा उजवा हात कमी चालतो. बाळ हुशार असतं. ते डाव्या हाताने भागवतं. उजवा हात वापरला जात नाही, म्हणून त्या हाताकडे जाणाऱ्या मेंदूतल्या जोडण्या वापराअभावी क्षीण होत जातात. मूळ इजा तेवढीच राहते, नुकसान मात्र वाढतं. उलट, खेळता खेळता काही काळ डाव्या हाताला मऊ मोजा घालून उजव्याला काम दिलं, तर त्या जोडण्या टिकतात आणि बळकट होतात. आता तर एमआरआय, बाळाच्या सहज हालचालींचं निरीक्षण आणि मज्जासंस्थेची ठरावीक तपासणी यांच्या जोरावर सेरेब्रल पाल्सीचं निदान सहा महिन्यांच्या आतही करता येतं, असं 2017 मध्ये आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी मांडलं. आपल्याकडे अनेक बाळांचं ते दीड-दोन वर्षांनी होतं. नोव्हाक यांच्याच कामातून पुढे आलेली दुसरी गोष्टही थेरपी केंद्रांना अस्वस्थ करणारी आहे: दुसऱ्या कुणीतरी मुलाचे हातपाय ताणत, हलवत राहण्याचा फायदा फार थोडा, मुलाने स्वतः, त्याला हव्या असलेल्या एखाद्या कामासाठी, पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्याचा फायदा खरा.

मग घरी काय करायचं? इथे आपल्या रोजच्या सवयी फार कामाच्या आहेत. पाय कात्रीसारखे आवळून ठेवणाऱ्या बाळाला दोन्ही पाय फाकवून कडेवर घेणं ही उत्तम फिजिओथेरपी आहे, आणि आपल्या आज्या ती पिढ्यान्पिढ्या करत आल्या आहेत. याच बाळाला आडवं निजवून वाटी-चमच्याने भरवण्याची सवय मात्र सोडावी लागते. घास श्वासनलिकेत जाऊन वारंवार न्यूमोनिया होऊ शकतो. पाठीला आधार देऊन, ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून भरवायचं. तेलाची मालीश बाळाला सुखावते, स्पर्श हवाच असतो, पण त्याने स्नायूंना काम शिकवलं जात नाही. हातांनी ढकलत चालायचा लाकडी पांगुळगाडा चांगला. बाळाला मधोमध बसवून फिरणारा प्लास्टिकचा वॉकर मात्र घेऊ नये, कॅनडाने तर 2004 मध्ये त्याच्यावर बंदीच घातली.

बोलण्यासाठी सगळ्यात मोठं साधन म्हणजे थांबणं. रोजचं बडबडगीत म्हणताना शेवटच्या शब्दाआधी थांबा, मुलाकडे बघा, मनात पाच आकडे मोजा. डबा घट्ट लावून मुलाच्या हाती द्या. उघडून हवाय हे सांगायला त्याला काहीतरी करावं लागेल, नजर, हात, आवाज, काहीही. ते आलं की लगेच डबा उघडा. पोळ्या लाटताना कणकेचा गोळा द्या, भाजी निवडताना वाटाणे सोलायला द्या. यासाठी वेगळा तास काढावा लागत नाही, आणि हाच त्याचा फायदा आहे.

शब्द येतच नसतील, तर चित्रांतून बोलणं सुरू करावं. मुंबई आयआयटीच्या डिझाइन विभागात तयार झालेलं 'जेलो' हे ॲप मोफत आहे आणि भारतीय भाषांमध्ये चालतं. चेन्नईचं 'आवाज'ही बरंच वापरलं जातं. चित्रं दिली तर मूल आळशी होईल, बोलणारच नाही, ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. संशोधन तिच्या बाजूने नाही. संवादाची एक वाट मोकळी झाली की कितीतरी मुलांची चिडचिड ओसरते आणि आवाजही यायला मदत होते.

दिल्लीतल्या मराठी घरांना याच टप्प्यावर एक सल्ला हमखास मिळतो: घरात मराठी बंद करा, फक्त हिंदी किंवा फक्त इंग्रजी बोला, मूल गोंधळतंय. करोल बागेत सोनं गाळण्याच्या धंद्यात असलेलं विट्या-आटपाडीकडचं कुटुंब असो, केंद्र सरकारच्या नोकरीतलं असो वा गुरुग्रामच्या आयटी कंपनीतलं, हा सल्ला ऐकलेले आईबाप भेटतात. डाउन सिंड्रोम असलेल्या आणि स्वमग्न मुलांवर वेगवेगळ्या देशांत झालेल्या अभ्यासांमध्ये दोन भाषा कानावर पडल्याने मुलं मागे पडतात असं आढळलेलं नाही. उलट नुकसान सल्ल्याने होतं. आईला ज्या भाषेत लाडाने बोलता येतं, रागावता येतं, गाणी येतात, ती काढून घेतली की घरातलं एकूण बोलणंच आटतं, आणि पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलेली आजी नातवाशी बोलायची पंचाईत होऊन गप्प बसते. ज्या मुलाला बोलणाऱ्या माणसांची सर्वांत जास्त गरज, त्याच्याभोवती माणसं मुकी करायची, हे मला अन्यायाचं वाटतं. थेरपिस्ट हिंदीत शिकवत असेल तर शिकवू द्या. तेच शब्द, तीच खूण, घरी मराठीत.

आता एक सावधगिरी. घर महत्त्वाचं म्हणता म्हणता सगळा भार आईवर टाकून मोकळं होणं सोपं असतं. आई नोकरी सोडते, दिवसाचं वेळापत्रक भिंतीवर लावते, आणि खेळ, जेवण, अंघोळ सगळ्याची परीक्षा होऊन बसते. मुलाला थेरपिस्ट बाहेर मिळेल. आई दुसरी मिळणार नाही. म्हणून शिकायचं तर बाबांनीही, आजीआजोबांनीही, सांभाळणाऱ्या दीदीनेही. केंद्राकडे मागायचं ते इतकंच: आठवड्यातून एकदा आत बसू द्या, आणि घरी करायची एक, फार तर दोन कामं सांगा. तीन महिन्यांचं उद्दिष्ट लिहून मागा, आणि ते डोळ्यांनी दिसेल असं असू द्या. 'एकाग्रता वाढवणे' हे उद्दिष्ट कोणालाच तपासता येत नाही. 'स्वतः चमच्याने अर्धी वाटी वरणभात खाणे' हे आजीलाही तपासता येतं. तीन महिन्यांत काही हललं नाही, तर पद्धत बदलायची, मुलाला दोष द्यायचा नाही.

राजधानीत या क्षेत्राचा बाजारही मोठा आहे, आणि त्यात मन लावून काम करणारे जसे आहेत तसे नुसती पाटी लावलेलेही आहेत. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी 1992 च्या कायद्याखालच्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते; नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी दिल्लीत 1997 च्या कायद्याने स्वतंत्र परिषद आहे आणि देशपातळीवर 2021 चा कायदा आला आहे. 'पूर्ण बरं करू', 'सहा महिन्यांत नॉर्मल' अशी हमी जिथे मिळते तिथून निघून यावं. स्वमग्नतेवर लाखो रुपये घेऊन स्टेम सेल उपचार विकले जात होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं की या उपचारांची शिफारस करता येत नाही आणि त्यांची जाहिरात हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. कर्ज काढून तिकडे गेलेल्या कुटुंबांकडे मग साध्या थेरपीसाठीही पैसा उरत नाही.

सरकारी वाट कमी लोकांना ठाऊक असते. 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा, आणि गरज दिसली तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे रवानगी, अशी त्याची रचना आहे. या केंद्रात बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ एका छताखाली असणं अपेक्षित असतं. दिल्लीत कनॉट प्लेसजवळच्या कलावती सरन बाल रुग्णालयात असं केंद्र आहे. गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकरांचं नाव लागलेल्या विष्णु दिगंबर मार्गावर शारीरिक दिव्यांगांसाठीची पंडित दीनदयाळ उपाध्याय राष्ट्रीय संस्था आहे, जिथे थेरपिस्ट शिकतातही आणि मुलांवर उपचारही होतात. जून 2021 मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी देशात जी 14 शीघ्र हस्तक्षेप केंद्रं सुरू झाली, त्यांत दिल्ली आणि मुंबई दोन्ही आहेत. रांगा लांब असतात, हे खरं. पण निदान आणि दिशा सरकारी केंद्रातून घेऊन रोजचा सराव घराजवळ करणं पुष्कळांना परवडतं.

राजधानी क्षेत्राची एक खास अडचण आहे. घर गाझियाबादला म्हणजे उत्तर प्रदेशात, नोकरी दिल्लीत, थेरपी फरिदाबादला म्हणजे हरियाणात. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि राज्याच्या योजना मात्र राहत्या पत्त्याला बांधलेल्या. बदलीच्या नोकरीतल्या मराठी कुटुंबांना दर बदलीला हे नव्याने भोगावं लागतं. म्हणून दिव्यांगांसाठीचं देशभर चालणारं यूडीआयडी कार्ड लवकर काढावं. दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्याने मान्य झालेल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमता येतात. 40 टक्के किंवा जास्त अक्षमता असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अक्षमता असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं विमासंरक्षण आहे, आणि त्यात नियमित थेरपीचा खर्चही काही मर्यादेपर्यंत बसतो. खाजगी विमा कंपन्या जे नाकारतात ते इथे मिळतं, तरी कितीतरी कुटुंबांनी या योजनेचं नावही ऐकलेलं नसतं. सोबत एक फाइल हवी: कानांचा अहवाल, डासीसारख्या चाचण्यांचे निकाल, प्रत्येक केंद्राने लिहिलेली उद्दिष्टं, आणि दर तीन महिन्यांनी मुलाचं पाच मिनिटांचं चित्रण. नव्या शहरातल्या थेरपिस्टला त्या पाच मिनिटांतून जे कळेल ते चार पानी पत्रातून कळत नाही.

मूल सहा वर्षांचं झालं, आता उशीर झाला, असं म्हणून हात टेकणारेही भेटतात. पहिली वर्षं मोलाची आहेत, पण शिकणं तिथे संपत नाही, उद्दिष्टं बदलतात. दहाव्या वर्षी दुकानातून दूध आणून उरलेले पैसे मोजणं, चौदाव्या वर्षी मासिक पाळीची काळजी स्वतः घेणं किंवा दाढीची तयारी, सोळाव्या वर्षी मेट्रोत कार्ड टेकवून तीन स्थानकं एकट्याने जाणं, हीसुद्धा थेरपीचीच कामं आहेत, आणि यातलं एकही बंद खोलीत शिकवता येत नाही. अठराव्या वर्षी कायद्याने मूल सज्ञान होतं आणि आईवडिलांचं पालकत्व आपोआप संपतं. ज्या मुलांना पुढेही आधार लागणार, त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यासाच्या 1999 च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. सतरावं वर्ष लागलं की त्याची कागदपत्रं जमवायला घ्यावीत.